खाणे, कुरतडणे, पोखरणे : फायबरग्लासचे नळ आणि जमिनीखालचे जीव



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला नळांवर बोलायला सांगावे, यात थोडी गंमत आहेच. पण आयोजकांनी पाठवलेला प्रश्न वाचला आणि तो आम्हांला आमच्याच विषयातला वाटला. प्रश्न असा : ‘फायबरग्लासच्या नळांवर किडा-मुंगी आणि उंदीर-घुशींचा काही परिणाम होत नाही असे म्हणतात. ते खरे का? आणि खरे असेल तर का?’ आता बघा, पहिल्या ‘का’ला हो-नाही एवढे उत्तर चालते. दुसऱ्या ‘का’ला कारण द्यावे लागते. आणि कारण शोधायला लागलो की पहिले उत्तरही जरा बदलते. आज आपण तेच करणार आहोत.

आधी नावाचा घोळ मिटवू. या नळांना बाजारात एफआरपीचे किंवा जीआरपीचे नळ म्हणतात. आपल्या राज्यात एफआरपी म्हटले की ऊस लावणाऱ्याला उसाचा रास्त दर आठवतो. तो हा नव्हे. ही एफआरपी म्हणजे तंतूंनी बळकट केलेले प्लास्टिक. त्यातले तंतू काचेचे असतील तर जीआरपी. आपण सोयीसाठी ‘फायबरचा नळ’ म्हणू.

हा नळ कशाचा असतो? तीन गोष्टींचा. काचेचा धागा, त्याला बांधून ठेवणारी राळ म्हणजे रेझीन, आणि मोठ्या नळात बऱ्याचदा मध्यल्या थरात घातलेली बारीक वाळू. फिरत्या साच्यावर राळेत भिजवलेला काचेचा धागा गुंडाळत जायचे, थरावर थर चढवायचे, आणि राळ घट्ट झाली की साच्यावरून नळ काढायचा. ही राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. बादली किंवा पाण्याची टाकी ज्या प्लास्टिकची असते ते तापवले की मऊ होते. ही राळ मऊ होत नाही, फार तापली तर करपते. हा फरक ध्यानात ठेवा.

काचेचा धागा कसा काढतात, हे आंबिवलीकरांना समजावणे फार सोपे आहे. मोहन्याच्या एनआरसीत, म्हणजे नॅशनल रेयॉनमध्ये, ज्यांनी नोकरी केली किंवा ज्यांच्या वडिलांनी केली, त्यांना रेयॉनचा धागा कसा निघतो ते माहीत आहे. लाकडाचा लगदा कॉस्टिकमध्ये मुरवायचा, कार्बन डायसल्फाइडने त्याचा दाट पाक करायचा, आणि तो पाक बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या हौदात सोडायचा. बाहेर येतो तो धागा. काचेचेही तसेच. वाळू, चुनखडी वगैरे भट्टीत वितळवायचे आणि तो रस प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तळाला असलेल्या बारीक छिद्रांतून खाली ओढायचा. इथे आम्ल लागत नाही, हवेतच धागा थंड होतो. एकेक तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक.

दोन्हीकडे छिद्र, दोन्हीकडे धागा. पण एक मोठा भेद आहे. रेयॉनचा धागा कितीही चकाकला तरी आतून तो लाकडाचाच, म्हणजे सेल्युलोजचा. म्हणून रेयॉनच्या कपड्याला कसर लागते. काचेचा धागा वाळूचा. वाळू कोणाचे अन्न नाही. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आले. पण ते अर्धेच आहे, कारण जमिनीखालचे जीव केवळ पोटासाठी नळाच्या वाटेला जात नाहीत.

इथे आपली भाषा मदतीला येते. मराठीत या जिवांच्या कामांना वेगवेगळी क्रियापदे आहेत. वाळवी खाते. उंदीर कुरतडतो. घूस पोखरते. झुरळ शिरते. या क्रियापदांत एक अख्खे वर्गीकरण आहे. ‘परिणाम होत नाही’ असे कोणी म्हटले की आपण विचारायचे : कोणत्या क्रियापदाचा?

पहिले क्रियापद, खाणे. वाळवीला सेल्युलोज हवे असते. दाराची चौकट, पुस्तक, वाळके गवत. आपल्याकडे वारुळे करणारी जी वाळवी दिसते, ती तर वारुळात बुरशीची शेती करते. कुरतडून आणलेल्या लाकूड-पाल्यावर बुरशी वाढवते आणि त्यावर जगते. फायबरच्या नळात तिच्या कामाचे काहीच नाही. पण एवढ्यावर थांबू नका. विजेच्या तारांवरचे मऊ पीव्हीसीचे आवरणही वाळवीचे अन्न नाही, तरी ती ते फोडते. का? ते तिच्या वाटेत आले म्हणून. वाट काढताना वाळवी समोरचे मऊ पदार्थ जबड्याने तासते, मग ते पोटात जावोत की न जावोत. म्हणून ‘अन्न नाही’ हे कारण एकट्याने पुरत नाही. त्याला दुसरे जोडावे लागते : पृष्ठभाग कठीण आणि गुळगुळीत असला पाहिजे, म्हणजे तिच्या जबड्याला धरायला जागा मिळत नाही. फायबरच्या नळाला दोन्ही कारणे लागू पडतात.

वाळवी मात्र नळाचा वेगळाच उपयोग करते. नळाच्या अंगावर ती मातीची बारीक नळी बांधते आणि त्या आडोशाने घरातल्या लाकडापर्यंत पोचते. नळ शाबूत, चौकट फस्त! नळाला काही झाले नाही हे खरे, पण घराला झाले. म्हणून नळ भिंतीतून जिथे आत येतो तिथली फट बुजवणे हे नळाच्या निवडीइतकेच महत्त्वाचे.

दुसरे क्रियापद, कुरतडणे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजवले नाहीत तर त्याला तोंड मिटता येणार नाही. दाताच्या पुढच्या बाजूलाच कठीण एनॅमल असते, मागची बाजू मऊ. मागची लवकर झिजते आणि पुढे छिन्नीसारखी धार आपोआप राहते. शिवाय पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथे ओठ आत ओढून उंदीर तोंड बंद करू शकतो, म्हणजे कुरतडलेला भुगा बाहेरच पडतो. म्हणूनच म्हणतो, उंदीर जे कुरतडतो ते खातोच असे नाही. पदार्थ बेचव असून नळाचे रक्षण होत नाही. उंदीर शिसे कुरतडतो, ॲल्युमिनियमचा पत्रा कुरतडतो, कच्चे काँक्रीट कोरतो. यांत चव कसली?

मग फायबरच्या नळाशी त्याचे का जमत नाही? दोन कारणे. एक कठीणपणाचे. खनिजांचा कठीणपणा मोजायची एक ते दहा अशी मोस यांची पट्टी आहे. तिच्यावर दाताचे एनॅमल साधारण ५, काच साडेपाच ते सहा. राळ एकटी असती तर ती दातापेक्षा मऊच. पण राळेच्या पातळ थराखाली लगेच काचेचे तंतू लागतात, आणि तिथे छिन्नीपेक्षा दगड कठीण निघतो.

दुसरे कारण आकाराचे, आणि आमच्या मते ते जास्त मोलाचे आहे. कुरतडण्याची रीत पाहा. वरचे दात रुतवून धरायचे आणि खालच्या दातांनी तासायचे. म्हणजे धरायला कड हवी, कंगोरा हवा, किंवा वस्तू जबड्यात मावली पाहिजे. शेतकऱ्यांना याचा अनुभव आहे. ठिबक सिंचनाची १६ मिलिमीटरची मऊ नळी उंदीर आणि खारी सर्रास तोडतात, कारण ती मऊ आहे, जबड्यात धरता येते आणि आत पाणी आहे. आता हाताच्या कवेत न मावणारा गुळगुळीत गोल नळ घ्या. दात ठेवायचा कुठे? तो घसरतो.

पण याच कारणाची उलटी बाजूही आहे. कड मिळाली तर? नळ कापून टोक तसेच उघडे ठेवले, उतरवताना आपटून त्याचा टवका उडाला, तर ती कडच झाली. शिवाय उघड्या तंतूंच्या कडेने ओलावा आत शिरतो. म्हणून कापलेल्या टोकाला राळ लावून ते बंद करायचे असते. सांध्यात पाणी अडवायला रबराची कडी असते. रबर मऊ. पण सांधा नीट बसवला असेल तर कडी खाचेत दडलेली राहते आणि दाताला सापडत नाही. म्हणजे नळाचे रक्षण काचेने केले, आणि सांध्याचे रक्षण कामगाराच्या हाताने.

काचेची ही युक्ती दूरसंचारवाल्यांनीही उचलली आहे. जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबर केबलला उंदरांपासून वाचवण्यासाठी कधी पोलादी पट्टी गुंडाळतात, कधी काचेच्या धाग्याचे किंवा एफआरपीच्या काड्यांचे चिलखत चढवतात. आतला काचेचा तंतू निरोप नेतो, बाहेरचा पहारा करतो.

आता एक जीव असा, की ज्याला दात नाहीत, जबडा नाही, आणि तरी तो नळ खातो. सांडपाण्याच्या नळात प्राणवायू कमी पडला की गाळातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास येतो तो. हा वायू वर जातो आणि नळाच्या छताला जे ओल असते तिथे राहणारे दुसरे जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात. होय, एनआरसीच्या हौदात होते तेच आम्ल, इथे जिवाणूंनी फुकट बनवलेले. काँक्रीटचा नळ वरून असा हळूहळू विरतो आणि एक दिवस रस्ता खचतो. लोक म्हणतात, घुशींनी केले. कधी घुशींनी केलेले असते, कधी या न दिसणाऱ्या जिवांनी. सांडपाण्यासाठी आणि कारखान्यांच्या पाण्यासाठी फायबरचा नळ निवडतात तो मुख्यतः या आम्लासाठी. उंदरासाठी नव्हे. नळाच्या आतल्या बाजूला राळेचा जाड थर असतो, तो आम्लाला काचेपर्यंत पोचू देत नाही.

‘पोचू देत नाही’ असे आम्ही म्हणालो ते मुद्दाम. कारण आता तिसरे क्रियापद येते, पोखरणे. आमच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे.

घूस आणि उंदीर यांत आपण घोळ करतो, पण नळाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शत्रू आहेत. घूस ही खोदणारी. उल्हास आणि काळू नद्यांच्या काठची भातशेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे : बांध पोखरून ती आत धान्याचे कोठार करते, आणि पावसात तिथूनच बांध फुटतो. बांध कोणी खाल्ला नाही, कोणी कुरतडला नाही. आतली माती तेवढी गेली.

आता हे नळाला लावा. बिडाचा किंवा काँक्रीटचा नळ ताठ असतो, वरचे ओझे बरेचसे स्वतःच्या अंगावर पेलतो. फायबरचा मोठा नळ लवचीक. वरून भार आला की तो किंचित चपटा होऊ पाहतो, बाजूला फुगू पाहतो, आणि बाजूची दाबून बसवलेली माती त्याला फुगू देत नाही. म्हणजे भार नळ एकटा पेलत नाही, नळ आणि माती मिळून पेलतात. हा दोष नाही. ही त्याची रीत आहे, आणि त्यामुळेच तो हलका असूनही चालतो. पण याचा अर्थ असा की बाजूची माती हा नळाचाच एक भाग आहे. अभियंते हिशेब धरतात तो असा : पुरलेला नळ दीर्घकाळात व्यासाच्या साधारण पाच टक्क्यांहून जास्त चपटा होता कामा नये. एक मीटर व्यासाचा नळ असेल तर पाच सेंटिमीटर.

घुशीने नळाच्या कुशीतली माती काढली तर काय होईल? नळाला दाताची एक खूण नसेल. पण आधार गेला म्हणजे तो ठरल्यापेक्षा जास्त वाकेल. वाकला की आतल्या राळेच्या थरावर ताण येईल, आणि ताण फार झाला तर बारीक चिरा पडतील. नळ सांडपाण्याचा असेल तर त्या चिरांतून आम्ल काचेच्या तंतूंपर्यंत जाईल. ताणलेली साधी काच आणि आम्ल ही जोडी वाईट. तंतू एकेक करून तुटू लागतात. हे जगाला अनुभवाने कळले, म्हणून आम्लाला जास्त टिकणारी वेगळी काच आली, आणि सांडपाण्याच्या नळाचा तुकडा वाकवून, आत सल्फ्युरिक आम्ल ठेवून, ५० वर्षांच्या हिशेबाने तपासण्याची चाचणी ठरली. सांडपाण्याच्या फायबर नळांसाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस १४४०२. पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी आयएस १२७०९.

म्हणजे साखळी पाहा. घूस माती काढते, नळ वाकतो, राळ चिरते, आम्ल शिरते, तंतू तुटतो. घुशीने नळाला स्पर्शही केला नाही, आणि नळ गेला. मग ‘उंदीर-घुशींचा परिणाम होत नाही’ हे वाक्य खरे की खोटे? कुरतडण्याबद्दल खरे. पोखरण्याबद्दल खरे नाही.

इथे आम्हांला आमच्या जुन्या शास्त्रातला एक वाद आठवतो. अग्नी जाळतो. पण एक विशिष्ट मणी जवळ ठेवला तर जाळत नाही, असे उदाहरण घेऊन मीमांसक आणि नैयायिक भांडत. मीमांसक म्हणत, अग्नीत ‘शक्ती’ नावाचा वेगळा पदार्थ आहे, मणी ती शक्ती दाबतो. नैयायिक म्हणत, अशी वेगळी शक्ती मानायची गरज नाही. अग्नी, सरपण आणि प्रतिबंधकाचा अभाव, एवढी सामग्री जमली की दाह होतो. मण्याचे खरेखोटे सोडून द्या. विचाराची पद्धत घ्या. नळ विकणारा मीमांसकासारखा बोलतो : ‘या नळात टिकण्याची शक्ती आहे.’ नळ पुरणाऱ्याने नैयायिक व्हायला हवे : ‘कोणकोणती सामग्री जमली तर हा नळ टिकेल?’ कठीण काच हवी, गोल आकार हवा, बंद टोके हवीत, नीट बसलेला सांधा हवा, आणि कुशीत दाबलेली माती हवी. यांतले एक काढा, टिकणे गेले. टिकणे ही नळाच्या पोटात ठेवलेली वस्तू नाही. ती नळ, माती आणि माणसाचे काम यांच्यातली सोयरीक आहे.

हे सगळे कशासाठी? आपल्या पोटातल्या पाण्यासाठी. आपल्या शहरांत नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी असते तेव्हा आत दाब असतो, आणि गळती असली तर पाणी बाहेर येते. पाणी गेले की दाब जातो, आणि त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. जवळून गटार जात असेल तर कावीळ आणि जुलाब घरात येतात. घुशीने केलेले बीळ हे गटारातून नळाच्या सांध्यापर्यंतची तयार वाट असते. शिवाय उंदराच्या मूत्रातून लेप्टो पसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो भोगला आहे. उल्हासचे पाणी चढते तेव्हा आपणही त्याच चिखलातून चालतो.

म्हणून आपल्या गल्लीत कधी नवा नळ पडत असेल, तर ‘कोणत्या कंपनीचा?’ एवढेच विचारू नका. चर खणल्यावर तळाशी वाळूचा किंवा बारीक खडीचा बिछाना घातला का? बाजूची माती थराथराने दाबली, की जेसीबीने एकदम लोटली? भरावात मोठे दगड, राडारोडा, प्लास्टिकच्या पिशव्या गेल्या का? राडारोड्यातल्या पोकळ्या म्हणजे घुशीला आयते घर. टोकदार दगड लागला तर फायबरच्या नळाला बाहेरून फारसे दिसत नाही, पण आतला थर चिरलेला असू शकतो. भराव झाल्यावर नळ किती चपटा झाला ते मोजले का? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. चर उघडी असते त्या दोन दिवसांतच ते विचारता येतात. नंतर डांबर पडते.

आता चिठ्ठ्यांवर आलेले दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न : ‘आमच्या इमारतीत ड्रेनेजच्या पाइपातून उंदीर वर येतो. फायबरचा पाइप टाकला तर थांबेल का?’ नाही थांबणार. हे चौथे क्रियापद, शिरणे. उंदीर पाइप तोडून येत नाही, पाइपातून येतो. तो पोहतो, उभ्या पाइपातून चढतो. झुरळांचेही तेच. त्यांच्यासाठी पाइप कशाचा आहे याला महत्त्व नाही, तोंड उघडे आहे याला आहे. चेंबरची झाकणे घट्ट बसवा, मोरीला जाळी लावा, वापरात नसलेली तोंडे बुजवा, आणि एका बाजूलाच उघडणारी झडप बसवता येते का ते प्लंबरला विचारा. गच्चीवरच्या हवेच्या पाइपाला जाळी बांधा, म्हणजे डासही अडतील.

दुसरा प्रश्न : ‘मग प्रत्येक ठिकाणी फायबरचाच नळ घालावा काय?’ तसे नाही. घरातल्या बारीक नळाला साधे प्लास्टिक चालते, मोठ्या दाबाला पोलादी नळ चालतो. फायबरचा नळ शोभतो तो मोठ्या व्यासाला, आम्लाच्या पाण्याला, गंजणाऱ्या जमिनीला. तोही जिथे माती नीट दाबून बसवली जाईल तिथेच. चर भरणाऱ्या मुकादमावर तुमचा भरवसा नसेल, तर महाग नळावर पैसे घालू नका. आधी मुकादमाच्या शेजारी उभे राहा.